सखीला आधी 'विचारून सांगते' म्हणायला शिकवा

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बीड जिल्ह्यातली आठवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा, तुम्ही एकट्याच महिला शिक्षिका, सहावी ते आठवीच्या ४६ मुली. दरवर्षी पाळीवर एक व्याख्यान होतं, मुली माना खाली घालून ऐकतात आणि 'काही प्रश्न?' म्हटलं की वर्गात चिडीचूप. म्हणून मोठ्या वर्गातल्या सहा-सात मुली 'सखी' म्हणून तयार कराव्यात आणि त्यांनीच बाकीच्यांना सांगावं, असं तुमच्या मनात आहे. मुली निवडायच्या कशा, शिकवायचं काय आणि गावात बोंब झाली तर काय करायचं?

मी २६ वर्षं आरोग्य खात्यात काढली. आधी उपकेंद्रावर नर्सबाई, मग आरोग्य सहाय्यिका, आणि शेवटची काही वर्षं किशोरींच्या प्रशिक्षणात. परभणी, बीड, थोडं जालना. जे चाललं ते सांगते, आणि माझ्या हातून जे चुकलं ते आधी सांगते.

सुरुवातीच्या एका तुकडीत मी सख्यांना फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं, 'पाळी दर २८ दिवसांनी येते.' पुस्तकात तसंच असतं. पोरी हुशार. त्यांनी पाठ केलं आणि आपापल्या वर्गात जसंच्या तसं सांगितलं. पुढे एका सातवीतल्या मुलीला ४० दिवस झाले तरी पाळी आली नाही. तिने सखीला विचारलं. सखी म्हणाली, "मग तुझं काहीतरी बिघडलंय." ही गोष्ट बाकावरून बाकावर, तिथून हापशावर आणि हापशावरून तिच्या चुलतीच्या कानावर गेली. पाळी चुकली म्हटल्यावर गावात लोकांच्या मनात काय येतं ते तुम्हाला सांगायला नको. चव्वेचाळिसाव्या दिवशी तिला पाळी आली, तरी पोरगी पंधरा दिवस घरीच होती. सखीचा काय दोष? पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं २१ ते ४५ दिवसांमध्ये कधीही येऊ शकते, हे मीच सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून पहिल्या बैठकीत मी पाळीचं काहीच शिकवत नाही. फक्त एक वाक्य म्हणून घेते, "मला नक्की माहीत नाही, विचारून सांगते." त्याचा खेळ करते. गोल बसवायचं आणि भराभर प्रश्न टाकायचे. नक्की माहीत असेल तर उत्तर, नसेल तर 'विचारून सांगते'. अंदाजे ठोकून दिलं की बाद. पाळीत लोणच्याला हात लागला तर ते नासतं का? आपल्या गावात टँकर कोणत्या वारी येतो? पाळीत केस धुतले तर पाळी थांबते का? वर्गात पहिली येणारी मुलगी बहुतेक वेळा आधी बाद होते, कारण 'माहीत नाही' म्हणायची तिला सवयच नसते. दोन-तीन फेऱ्यांत पोरींना ते वाक्य म्हणायची मजा येऊ लागते. सखीने लहान शिक्षिका व्हावं ही अपेक्षा सोडून द्या. घाबरलेली मुलगी जिच्याकडे आधी धाव घेते ती सखी. तिला चार गोष्टी हाताने करता याव्यात आणि बाकीचं तुमच्यापर्यंत न विसरता, न वाढवता आणता यावं, एवढं पुष्कळ झालं.

निवडही त्याच हिशेबाने करा. मार्कांवरून नको, स्नेहसंमेलनात धीटपणे भाषण करते म्हणून तर मुळीच नको. प्रत्येक मुलीला कोरी चिठ्ठी द्या. 'शाळेत ड्रेसला डाग पडला तर आधी कुणाला सांगशील?' एवढंच विचारा, एकच नाव लिहायचं, स्वतःचं लिहायचं नाही. चिठ्ठ्या उघडल्या की तीन-चार नावं पुन्हा पुन्हा येतात. त्यात मागच्या बाकावरची, अभ्यासात जेमतेम, पण पाच बहिणींत वाढलेली एखादी हमखास असते. तिला घ्या.

त्यावर दोन गोष्टी मात्र तुम्हाला बघाव्या लागतील. एक, वस्त्या. गावठाणातली मुलगी तांड्यावरच्या मुलीला पाळीचं विचारणार नाही आणि तांड्यावरची तिला सांगणार नाही. दलित वस्ती, मुस्लिम मोहल्ला, तांडा, शेतातली आखाडं, जिथून जिथून मुली येतात तिथली एकेक सखी हवीच. तांड्यावरची सखी तिच्या गोरमाटी बोलीत सांगेल ते तुमच्या-माझ्या मराठीपेक्षा लवकर पोचतं. दोन, अजून पाळी न आलेली एक तरी मुलगी त्यात ठेवा. सहावीतल्या पोरींना काय काय भीती वाटते ते तिलाच ठाऊक असतं. आणि हो, गावच्या आशाताईंना आधी विचारा. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, त्यात हजार वस्तीमागे दोन मुली आणि दोन मुलगे 'पिअर एज्युकेटर' म्हणून निवडायचे असतात. तुमच्या गावात कुणाची निवड आधीच झाली असेल तर दोन चुली कशाला मांडायच्या?

शब्दांवर अडून बसू नका. 'मासिक पाळी' हा शब्द पोरी फक्त पेपरात लिहितात. घरात कावळा शिवतो, कुणी बाहेर बसते, कुणाला अडचण असते, कुणाची एमसी येते, आजीच्या तोंडी न्हाण येतं. दुसऱ्या बैठकीत हे सगळे शब्द फळ्यावर लिहून घ्या. हसून हसून पुरेवाट होते, आणि ते हसू ओसरलं की पोरी बोलायला लागतात.

आता हाताने करायच्या गोष्टी.

पहिली चमच्याची. चहाचा चमचा, एक तांब्या, लाल रंगाचं पाणी, एक पॅड आणि चार घड्या घातलेलं सुती फडकं घ्या. विचारा, एका पाळीत किती रक्त जातं? कुणी तांब्याभर म्हणते, एक पोरगी मला बिनधास्त 'अर्धी बादली' म्हणाली होती. मग मोजून चमचे टाका. पाच मिलिलिटरचा एक चमचा, असे सहा ते आठ. सगळ्या दिवसांचं मिळून एवढंच, ३० ते ४० मिलिलिटर. काहींना जास्त जातं, ८० पर्यंत. कपात ओतून दाखवलं तर अर्धा कपही भरत नाही. पोरी एकमेकींकडे बघतात. 'एवढं रक्त गेल्यावर अशक्तपणा येणारच' म्हणून दोन दिवस निजून राहणारी मुलगी तिथेच बसलेली असते. आता तेच रंगीत पाणी पॅडवर आणि फडक्यावर टाका आणि अर्ध्या तासाने सखीला बोट लावून बघायला सांगा. वरून कोरडं दिसतं तरी बोटाला ओल लागते. दर चार ते सहा तासांनी का बदलायचं ते मग समजवावं लागत नाही. भरलं नसलं तरी ओल राहते, मांड्या चोळतात, वास येतो, खाज सुटते. सकाळी नऊला घरून निघालेली मुलगी संध्याकाळी सहाला घरी पोचते, म्हणजे शाळेत एकदा बदलणं आलंच. ते कुठे करणार, हा प्रश्न सख्याच तुम्हाला विचारतील. विचारू द्या. मुख्याध्यापकांकडे जायला तो उपयोगी पडतो.

दुसरी कॅलेंडरची. घरात भिंतीवर कॅलेंडर असतं, त्यावर आई दुधाचे खाडे मांडते. त्याच चौकटीच्या कोपऱ्यात पेनाने बारीक ठिपका. पाळी आली त्या दिवशी एक, थांबली त्या दिवशी दुसरा. कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे एक चूक हटकून होते. पोरी पाळी संपल्याच्या दिवसापासून पुढची यायच्या दिवसापर्यंत मोजतात. मग २७ चे २२ होतात आणि 'लवकर आली' म्हणून घाबरतात. पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. हे प्रत्येक सखीकडून जुन्या कॅलेंडरवर तीन वेळा करून घ्या. सांगून भागत नाही, मोठ्या बायाही चुकतात.

तिसरी कापडाची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. पॅड चांगलं की कापड, यावर बाहेरून येणारे लोक वाद घालतात. कुणी येऊन कापड म्हणजे रोगराई म्हणतं, कुणी पॅड म्हणजे प्लास्टिकचा कचरा. मराठवाड्यात हा प्रश्न पाण्याला विचारायचा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिल्या गाडीने पाच लाख लिटर आलं. ते वर्ष टोकाचं होतं हे खरं, पण आठ दिवसांआड नळ आणि उन्हाळ्यात टँकर हे आपल्याकडे नवल नाही. घरातल्या एका ड्रमात सगळ्यांचं सगळं भागवायचं असतं, तेव्हा पोरगी पाळीचं फडकं दोन पाण्यांत धुऊ शकत नाही. ती एका मगात खंगाळते आणि पत्र्याखाली, अंधारात, कुणाला दिसणार नाही असं वाळत टाकते. ते अर्धवट वाळलेलं, कुबट फडकं पुढच्या महिन्यात पुन्हा घेते. दोष कापडाचा नसतो. पावसाळ्यात-हिवाळ्यात पाणी आहे तोवर जुन्या सुती लुगड्याचं मऊ कापड उत्तम. आधी गार पाण्यात भिजवायचं, कारण गरम पाण्याने डाग बसतो. मग साबणाने धुवायचं आणि उन्हात कडकडीत वाळवायचं. मार्च ते जून पाण्याची ओढ असेल तर पॅड. एकीच्याच घरात दोन्ही चालतं. सख्यांना हे असंच सांगायला शिकवा. त्यांच्या गल्लीत कोणत्या वारी पाणी येतं ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

उन्हात वाळवायची लाज वाटते त्यावर तोड मला एका आठवीतल्या मुलीने शिकवली. तिने आईच्या गडद सुती साडीचे हातरुमालाएवढे चौकोन कापले आणि चारी कडांना टाके घालून घेतले. दोन चौकोन एकावर एक घडी घालून घ्यायचे. दोरीवर टाकले की ते रुमालच दिसतात. "बापू बी तोंड पुसायला घेतील म्हून वरच्या दोरीवर टाकते," म्हणाली. मी इतकी वर्षं 'उन्हात वाळवा, उन्हात वाळवा' घोकत होते, आणि अडचण सोडवली एका पोरीने कात्रीने. त्या वर्षी कार्यानुभवाच्या तासाला सगळ्या सख्यांनी असे चौकोन शिवले.

पॅडच्या बाबतीत दोन गोष्टी कुणी बोलत नाही. एक, धड निकर नसेल तर पॅड टिकत नाही. कित्येक मुलींकडे दोनच असतात, त्याही ढिल्या. पॅड वाटण्याआधी हे बघा. दुसरी, टाकायचं कुठे? संडासात टाकलं की भांडं तुंबतं, उकिरड्यावर टाकलं की कुत्री ओढतात, चुलीत घातलं की प्लास्टिकचा धूर घरभर. कागदात घट्ट गुंडाळून वेगळं कचऱ्याच्या गाडीत द्यायचं. ज्या गावात कचऱ्याची गाडी येते तिथे ते ठीक. येत नसेल तर शाळेच्या आवारात कोपऱ्यात झाकणाचा खोल खड्डा घ्या, विहिरीपासून आणि हापशापासून लांब. जाळायचं यंत्र बसवण्याआधी शाळेत वीज किती तास असते ते बघा.

किमतीचंही सांगते. ८ मार्च २०१८ ला राज्याची अस्मिता योजना सुरू झाली, तेव्हा जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत ठरलं होतं. तालुक्याच्या जनऔषधी दुकानात रुपयाला एक पॅड मिळतं. पण कोणत्याही योजनेचा पुरवठा कायम आहे असं धरून सख्यांना शिकवू नका. पाकीट आलं तर चांगलंच, नाही आलं तरी पोरीला काय करायचं ते यायला पाहिजे.

शाळेत एक 'अडचणीचा डबा' ठेवा. बिस्किटाचा मोठा पत्र्याचा डबा पुरतो. सहा पॅड, दोन नव्या निकर, चार चौकोनी फडकी, सेफ्टी पिना, जुना कागद, साबणाची वडी आणि एक गडद रंगाची सलवार. महत्त्वाचा प्रश्न असा की तो ठेवायचा कुठे? ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून ठेवला तर मुलीला सरांना किल्ली मागावी लागते, म्हणजे ती मागतच नाही. एका शाळेत डब्यातलं एकही पॅड वर्षभर कमी झालं नव्हतं आणि त्याचं सगळ्यांना कौतुक होतं! मुलींच्या हाताला लागेल तिथे, बिनकुलपाचा ठेवा. पहिल्या आठवड्यात सगळा रिकामा होईल. कुणी बहिणीसाठी नेईल, कुणी नुसतं उघडून बघायला. रागावू नका, पुन्हा भरा. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सख्याच हिशेब ठेवायला लागतात.

आता घरचं. सख्यांना आजीशी भांडायला लावू नका. बाजूला बसायचं नाही, देवघरात जायचंच, असं पोरीच्या तोंडून वदवलं तर दुसऱ्या दिवशी तिचा बाप शाळेत हजर होतो, आणि मार तीच खाते. मी चार गोष्टी धरायला सांगते: रोज अंघोळ, पोटभर जेवण, शाळा आणि उन्हात वाळवलेलं कापड. यातल्या एकीलाही आजीचा देव आड येत नाही. काही घरांत पहिल्या दिवशी अंघोळ नको म्हणतात, तिथे 'निदान अंग तरी धुते' म्हणून सुरुवात करता येते. साध्या पाण्याने, बाहेरून. आत साबण लावायचा नसतो, हे सखीला माहीत पाहिजे. देवघराचा प्रश्न मोठ्या बायांचा आहे, तो त्यांना सोडवू द्या. माझं हे मत काही कार्यकर्त्यांना भित्रेपणाचं वाटतं. वाटू दे, त्या पोरीला त्या घरात राहायचं आहे.

पण एका बाबतीत मी कडक आहे. महालक्ष्म्या आल्या की मेडिकलवर पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या खपतात. घरातल्या सुना घेतातच, पण 'पोरीची पण तारीख जवळ आलीय' म्हणून तेरा-चौदा वर्षांच्या मुलींनाही देतात. ते हार्मोनचं औषध आहे, डॉक्टरने तपासल्याशिवाय घ्यायचं नाही. गोळी बंद केल्यावर कधी कधी पाळी जोरात येते, तेव्हा पोरगी घाबरून सखीकडेच येते. भाद्रपद लागायच्या आधी एक बैठक याच विषयावर घ्या.

दुखण्याबद्दल थोडक्यात. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ओटीपोटात कळ येणं साधं आहे, गर्भपिशवी आवळते म्हणून येते. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेक द्यावा, हिंडतं-फिरतं राहावं. गोळी आशाताई किंवा डॉक्टर सांगतील ती, मैत्रिणीच्या दप्तरातली नाही. दर आठवड्याला शाळेत लोहाची निळी गोळी मिळते ती दुपारच्या खिचडीनंतर घ्यायची, उपाशीपोटी मळमळतं आणि मग पोरी खिडकीतून फेकतात. शौचाला काळं होतं, त्याला भ्यायचं नाही. गोळीवर लगेच चहा नको.

आणि पांढरं जाणं. याचे प्रश्न पाळीपेक्षा जास्त येतात. पाळी सुरू व्हायच्या आधी आणि दोन पाळ्यांच्या मधे थोडं पांढरं, चिकट पाणी जाणं हे निसर्गाचं आहे. खाज, घाण वास, पिवळा-हिरवा रंग असेल तर दाखवायचं. हे दोन वाक्यांत उरकतं, पण आपल्या जिल्ह्यात त्या दोन वाक्यांना फार किंमत आहे. ती का, ते शेवटी सांगते.

सखीने तुमच्याकडे आणायच्याच अशा काही गोष्टी ठरवून द्या. सात दिवसांहून जास्त जातं. तासा-दोन तासाला पॅड भिजतं. तीन महिने पाळीच नाही. पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि अजून पाळी आली नाही. दर महिन्याला दुखण्यापायी शाळा बुडते. इथून पुढे काम तुमचं: आशाताई, उपकेंद्र, नाहीतर ग्रामीण रुग्णालयातलं मैत्री क्लिनिक, तिथे किशोरवयीनांसाठीच तपासणी आणि समुपदेशन असतं.

याशिवाय दोन गोष्टी अशा आहेत की सखीने त्या पोटात ठेवायच्या नाहीत, मैत्रिणीने शपथ घातली तरी. कुणी तिला नको तिथे हात लावतंय, आणि तिचं लग्न ठरतंय. परभणी-बीडकडे बालविवाह अजून किती होतात ते तुम्ही वर्गातल्या गळतीवरून जाणताच. पाळी आली की घरात स्थळांची बोलणी सुरू होतात, म्हणून ही बातमी पहिल्यांदा सखीलाच कळते. तिला आधीच सांगून ठेवा, 'बाकी सगळं आपल्या दोघींत, या दोन गोष्टी मात्र बाईंना सांगाव्या लागतील,' असं मैत्रिणीला पहिल्याच दिवशी म्हणायचं. पहिल्या प्रकारात तुम्हाला कळल्यावर पोलिसांना कळवणं पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याने बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा १०९८ नंबर सख्यांच्या तोंडी पाहिजे. पंधरा वर्षांच्या आतल्या पोरीने हे ओझं एकटीने वाहायचं नसतं.

प्रश्नपेटी मला आवडत नाही. ४६ मुलींत अक्षर लगेच ओळखू येतं. त्यापेक्षा शनिवारी शाळा सुटल्यावर वीस मिनिटं सख्यांसोबत बसा. 'एका मुलीने विचारलंय' एवढंच म्हणायचं, नाव नाही. तुम्हालाही उत्तर आलं नाही तर तुम्हीसुद्धा म्हणा, "विचारून सांगते." पोरी तेच बघून शिकतात. मीना राजू मंच शाळेत चालू असेल तर त्याच वेळेत हे बसवा, वेगळं वेळापत्रक लागत नाही.

गावातल्या बोंबेचं म्हणाल तर ती बहुतेक बापांकडून येत नाही, ज्यांना न विचारता केलं त्यांच्याकडून येते. सुरू करण्याआधी माता-पालकांची बैठक लावा, तीही दुपारी नको, बाया रानात असतात. संध्याकाळी सातला मारुतीच्या पाराजवळ नाहीतर अंगणवाडीत. पहिला विषय रक्ताचा घ्या. मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असावं आणि बऱ्याचजणींचं नसतं, यावर कुणाचं दुमत होत नाही. चमच्याचा प्रयोग आयांपुढेही करा, पोरींपेक्षा त्या जास्त चकित होतात. मुलांसाठी त्याच आठवड्यात सरांनी एक तास घ्यावा. त्यांच्या अंगातले बदल सांगावेत आणि एकच नियम घालून द्यावा: कुणाच्या कपड्याला डाग दिसला तर तोंड बंद. पैशांसाठी ग्रामपंचायतीकडे जा. स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के खर्च महिला व बालकल्याणावर करायचा असतो. मुलींच्या संडासाची कडी, आत बादली-मग आणि झाकणाचा डबा, एवढा ठराव ग्रामसभेत मांडा. सरपंचांना 'मासिक पाळी व्यवस्थापन' म्हणू नका, 'कडी' म्हणा. कडी लगेच बसते.

शेवटचं, ऊसतोडीच्या टोळीचं. तुमचं वेळापत्रक जूनचं असेल, पण आपल्या भागात खरी तारीख दसरा-दिवाळीची. त्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या भरतात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीजवळ, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला आई सोबत नेते. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत भाकरी थापायला, लहान भावंडं सांभाळायला कुणीतरी लागतं, आणि वयात आलेल्या पोरीला मागे ठेवायचा जीव होत नाही. तिथे संडास नाही, न्हाणी नाही, पहाटे तीनला फडात जायचं, खाडा केला तर कोयत्याच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीच्या हिशेबातून पैसे कापले जातात. म्हणून सख्यांचं शिकवणं दसऱ्याआधी संपवा आणि टोळीबरोबर जाणारी एक तरी मुलगी सखी म्हणून निवडा. ती शाळेतून पाच-सहा महिने नसणार, म्हणूनच.

पांढऱ्या जाण्याचं म्हणाले होते ते इथलंच. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची चर्चा देशभर झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ बायांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, शंभरात सुमारे १७. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून गेलेल्या कित्येक बाया पिशवी देऊन परत आल्या. त्यांच्याच मुली तुमच्या वर्गात बसतात. एका बैठकीत सातवीतल्या एकीने मला अगदी साधेपणाने विचारलं होतं, "ताई, माह्या मायची पिशवी काढली, आजीची बी काढली. माही कव्हा काढायची असती?" दात पडण्यासारखं ते ठरलेलंच असतं, अशी तिची समजूत होती. मी त्या दिवशी पुढचं काही शिकवलं नाही. पिशवी कशासाठी असते आणि ती का काढायची नसते, एवढ्यावरच तास संपला.

टोळीला जाणाऱ्या मुलींना आम्ही एक गाठोडं बांधून द्यायचो. बारा पॅड, सहा चौकोनी फडकी, साबण, दोरी आणि कॅलेंडरची नोव्हेंबर ते एप्रिलची पानं. त्यातली एक मुलगी, आठवीतली, एप्रिलमध्ये परत आली ती पानं घेऊनच. घडी पडून चिरलेली, चुलीच्या धुराने पिवळी झालेली. त्यावर तीन तऱ्हेच्या खुणा होत्या. पेनाचा ठिपका तिचा, कोळशाची रेघ आईची, कुंकवाचं बोट मावशीचं. तिने पान माझ्यापुढे सरळ केलं आणि म्हणाली, "मावशीचे लई जवळ जवळ आल्यात. मुकादमाची बायको म्हनती पिशवी काढून टाक. मी मावशीला म्हनले, थांब, इचारून सांगते."

मावशीला घेऊन आम्ही सोमवारी ग्रामीण रुग्णालयात गेलो. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७ निघालं. इलाज गोळ्यांनीच झाला.